पहिल्यांदाच प्रदर्शनात स्टॉल घेतेय (गोधड्या, दुपटी). काय काय तयारी करू?

धावदोरा | ९ सप्टेंबर २०२५, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा काढायची पहिलीच वेळ. सांभाळून घ्या.

कोथरूडच्या एका कार्यालयात १०, ११ आणि १२ ऑक्टोबरला दिवाळीचं प्रदर्शन आहे, तिथे मी स्टॉल घेतलाय. तीन दिवसांचं भाडं साडेसात हजार. अर्धे भरून झालेत, त्यामुळे आता 'घेऊ की नको' हा प्रश्न नाही.

माल म्हणजे गोधड्या. माझी आत्या वाईजवळच्या गावात असते, वय ७१. ती आणि शेजारच्या दोघी मिळून शिवतात. सगळा धावदोरा हाताचा, मशीनला शिवायचं सुद्धा नाही. आत जुनी मऊ लुगडी आणि सुती साड्या, वरून नवीन कापड, कडेला खणाची पट्टी. सध्या माझ्याकडे नऊ मोठ्या गोधड्या (सिंगल पलंगाच्या), अठरा बाळाच्या आणि अभ्र्यांच्या पाच जोड्या आहेत. मोठी १८००, बाळाची ४५० आणि अभ्र्यांची जोडी ३५० असं ठरवलंय.

आयोजक सहा फुटी टेबल, दोन खुर्च्या आणि एक प्लग पॉइंट देणार आहेत. बॅनर करावा का? मांडणी कशी करायची? घासाघीस करणाऱ्यांना काय सांगायचं? आणि जीएसटीचं काही लागतं का? मैत्रीण म्हणते लागतं, नवरा म्हणतो काही लागत नाही, आणि दोघांनाही माहीत नाही.

मधली_आळी | ९ सप्टेंबर, रात्री १०:४०

अभिनंदन! तारखा चांगल्या मिळाल्यात. पितृपक्षात असतं तर भाड्यासकट पाण्यात. आमच्या सोसायटीतल्या एकीने एकदा हॉल स्वस्त मिळाला म्हणून नेमका पितृपक्षात साड्यांचा सेल लावला होता. लोक आले, हात लावून पाहिलं, 'घटस्थापनेनंतर असेल का हो?' विचारून गेले.

लोकरवेडी | ९ सप्टेंबर, रात्री ११:२५

मी डोंबिवलीची, क्रोशाच्या वस्तू करते. सहा वर्षं स्टॉल लावतेय, त्यामुळे ठेचा भरपूर खाऊन झाल्यात. सुचेल तसं लिहिते.

बॅनरवर पैसे घालू नकोस. पहिल्यांदा मी दोन हजारांचा फ्लेक्स केला होता, तो नेमका शेजारच्या लोणचेवाल्यांच्या खांबामागे गेला. त्यापेक्षा घरात सहा बाय अडीचचं टेबल धर (डायनिंग टेबलाला पाट जोडलास तरी चालेल), सगळा माल त्यावर मांड आणि पाच पावलं मागे जाऊन मोबाईलवर फोटो काढ. तुझ्या डोळ्याला जो पसारा दिसत नाही तो फोटोत दिसतो. मनासारखं जमेपर्यंत मांड-मोड कर, शेवटचा फोटो जपून ठेव आणि प्रदर्शनाच्या दिवशी तो बघून मांड. त्या सकाळी डोकं चालत नाही.

गोधडी घडी घालून ठेवली की तिची चादर होते. टाके दिसायला हवेत. कपडे वाळत घालायचा स्टीलचा घडीचा स्टँड घरी असेलच, तो टेबलाशेजारी उभा कर आणि त्यावर दोन मोठ्या पूर्ण उलगडून टाक. बाळाच्या गुंडाळी करून टोपलीत उभ्या ठेव, काठ वर. टेबलाला जमिनीपर्यंत पोचणारं कापड लाव म्हणजे उरलेला माल खाली लपतो.

चिठ्ठ्या! प्रत्येक नगावर किंमत लिहिलेली हवी. 'विचारतील की' असं वाटतं, पण आपली माणसं विचारत नाहीत. महाग असेल आणि आपल्याला नाही म्हणावं लागेल या भीतीने पुढे जातात.

पिशवीत सेफ्टी पिना, कात्री, सुतळी, चिकटपट्टी, मार्कर, एक्स्टेंशन बोर्ड, पाण्याची बाटली, डबा. हॉलच्या पांढऱ्या ट्यूबखाली लाल-मरून रंग मेल्यासारखे दिसतात, म्हणून पिवळसर उजेडाचा एक दिवा घरून ने. दहा-वीस-पन्नासच्या नोटा हजारभराच्या तरी. सगळे क्यूआरच मारतात, पण सकाळची पहिली काकू हमखास पाचशेची नोट काढते.

आणि मुख्य म्हणजे कोणीतरी सोबत हवं. तीन दिवस एकटीने बसलीस तर बाथरूमला कधी जाणार?

नीळ_हळद | १० सप्टेंबर, सकाळी ८:०५

वरचं 'नवीन कापड' शिवण्याआधी धुतलंय का? सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. आतलं लुगडं शंभर वेळा धुतलेलं, ते आटणार नाही. मग घरी नेऊन पहिल्यांदा धुतली की वरचं ओढलं जाऊन सगळी गोधडी चुरगळते. काहींना ते आवडतं, पण गिऱ्हाईकाला आधी सांगायला हवं.

खणाचा रंगही बघा. ओलं पांढरं फडकं पट्टीवर घासा. रंग आला तर बाळाच्या गोधडीला तो खण नकोच.

मधली_आळी | १० सप्टेंबर, सकाळी ८:३०

मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवलं की रंग पक्का होतो ना?

नीळ_हळद | १० सप्टेंबर, सकाळी ९:११

नाही हो. मिठाचं काम कापड रंगवताना असतं, तेव्हा ते रंगाला पाण्यातून धाग्याकडे ढकलतं. एकदा रंगवून झालेलं कच्चं कापड मिठात बुडवून पक्कं होत नाही. आज्यांपासून चालत आलंय म्हणून कोणी ऐकत नाही.

धावदोरा | १० सप्टेंबर, दुपारी २:५०

बापरे, कापड धुतलेलं नाहीये! आत्याला फोन केला. ती म्हणाली, 'कोरं कापड धुवून कोरं राहतं का?' पुढच्या खेपेला धुवायचं कबूल केलंय. खणाची परीक्षा केली, अठरातल्या तिघींचा रंग जातोय. त्या बाजूला काढल्या.

हिशेबनीस | १० सप्टेंबर, रात्री ९:३०

आधी जीएसटी. राज्यातल्या राज्यात वस्तू विकताय आणि वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत आहे, म्हणून नोंदणी सक्तीची नाही. (यजमानांचं बरोबर, पण योगायोगाने.) उद्या दिल्लीला किंवा गोव्याला स्टॉल लावलात तर गोष्ट वेगळी. परराज्यात तात्पुरती विक्री करणाऱ्याला एरवी नोंदणी घ्यावी लागते. हस्तकलेच्या यादीतल्या वस्तूंना २०१७ पासून त्यातून सूट आहे, पण पॅन लागतं आणि माल कितीही किरकोळ रकमेचा असला तरी ई-वे बिल (मालाच्या वाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा कागद) लागतं. तेव्हा कुणा सीएला विचारा.

आता मला खटकलेली गोष्ट. एका मोठ्या गोधडीला आत्यांना किती वेळ लागतो? आणि साहित्य किती रुपयांचं?

धावदोरा | १० सप्टेंबर, रात्री १०:०२

साधारण दीड महिना. रोज दुपारची कामं आटपली की दोन-अडीच तास बसतात. वरचं कापड, खण आणि दोरा मिळून ६२० रुपये. बाळाच्या गोधडीला बारा-एक तास लागतात, साहित्य १४०.

हिशेबनीस | १० सप्टेंबर, रात्री १०:२०

म्हणजे मोठीला अंदाजे ११० तास. १८०० वजा ६२० म्हणजे ११८०. त्याला ११० ने भागा: तासाला पावणेअकरा रुपये. बाळाच्या गोधडीला (४५० वजा १४०) भागिले १२, म्हणजे तासाला सव्वीस. यात अजून स्टॉलचं भाडं धरलेलं नाही.

ते धरू. तुमचा सगळा माल विकला गेला तर २६,०५०. भाडं ७,५००. म्हणजे शेवटचं फडकंसुद्धा विकलं गेलं तरी शंभरातले एकोणतीस रुपये हॉलवाल्याचे. निम्मा माल विकला गेला तर अठ्ठावन्न.

बॅनर, मांडणी, दिवे सगळं नंतर बघता येईल. आत्याच्या दुपारींची किंमत तुम्ही शून्य धरलीये, ते आधी बदला.

तिरसट_काका | १० सप्टेंबर, रात्री ११:०५

तास मोजून किंमत लावायची तर मोठी गोधडी चार-साडेचार हजारांना जाईल. घेणार कोण? डबलबेडचं गुबगुबीत ब्लँकेट हजार-बाराशेला मिळतं. बाजार तुमचे तास बघत नाही, शेजारच्या दुकानातला भाव बघतो. आणि आमच्या घरी आईने शिवलेल्या चार गोधड्या माळ्यावर पडल्यात, कोणाला हव्या असतील तर घेऊन जा.

लोकरवेडी | १० सप्टेंबर, रात्री ११:१८

काका, पत्ता द्या, उद्या येते. चेष्टा नाही.

ब्लँकेट घ्यायला आलेला माणूस गोधडीचं गिऱ्हाईकच नव्हे. त्याला विकायला गेलं की आपण किंमत पाडतो, तो तरी घेत नाही, आणि ज्याला खरंच हवी असते त्याला स्वस्त बघून शंका येते की मशीनची असेल. मी क्रोशाची बाळाची टोपी २०० ला विकायचे तेव्हा 'चायनाची आहे का?' विचारायचे. ३५० केली आणि सुई हातात घेऊन बसायला लागले, तेव्हापासून एकाने विचारलेलं नाही.

चितारआळी | ११ सप्टेंबर, सकाळी ७:४०

सुई हातात घेण्याच्या मुद्द्याला दुजोरा. आमची सावंतवाडी. लाकडी आंबा-फणस-केळ्यांचं दुकान असलेल्या घरात वाढलो. गिऱ्हाईक आंबा उचलतं, नखाने टोकरतं आणि विचारतं, 'लाकूडच आहे ना?' काका दुकानाच्या पायरीवर बसून रंग लावत असायचे तेव्हा हा प्रश्न कमी यायचा आणि घासाघीसही. समोर माणूस काम करताना दिसला की 'शेवटचं किती?' म्हणायला जीभ अडखळते. आमच्या गंजिफांना (हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते) २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा आनंद आहेच, पण गिऱ्हाईक कागद नाही, हात बघतं.

आत्याला तीन दिवस पुण्याला आणता येईल का?

घासाघिशीचं म्हणाल तर एक आकडा ठरवा आणि त्याच्याखाली उतरू नका. पहिल्या दिवशी सकाळी ज्याला कमीत दिलंत, तो संध्याकाळी वहिनीला घेऊन येतो आणि त्याच भावात मागतो.

लीड्सकर | ११ सप्टेंबर, दुपारी १:१५

इकडे इंग्लंडमध्ये दोनदा स्टॉल लावला, कापडी बाहुल्यांचा. गंमत म्हणून सांगतो. टेबलाच्या आधी आयोजकांनी विमा मागितला. कोणी आपल्या टेबलाला अडखळून पडलं तर त्याचा दायित्व विमा, सहसा ५० लाख पौंडांचा. आणि मुलांची खेळणी म्हणून सुरक्षा-चाचणीची खूण हवी. बाहुलीचे डोळे ओढून बघायचे, कापड जाळून बघायचं. माझी बायको म्हणाली, लग्नाआधी माझीसुद्धा इतकी तपासणी झाली नव्हती.

पण त्यातून एक शिकलो. बाळाच्या वस्तूवर मणी, टिकल्या, बटणं, सैल गोंडे काहीच नको.

पाटाची_वाट | ११ सप्टेंबर, दुपारी ३:३०

बाळाच्या गोधड्यांबद्दल एक. आपल्याकडे जन्माआधी बाळाचं सामान आणत नाहीत. पोट पुढे आलेली मुलगी टोपलीजवळ येईल, हात फिरवेल आणि सासू तिला पुढे ओढून नेईल. तेव्हा तिला विकू नका, तिच्या मावशीला विका. 'बारशाची भेट' असं कार्ड लावा आणि एक-दोन छान बांधून ठेवा. बांधायचं साहित्य रविवार पेठेत, बोहरी आळीत घ्या. उपनगरातल्या भेटवस्तूंच्या दुकानात तीच रिबीन दुप्पट पडते.

आत जुनी लुगडी आहेत हे आधीच सांगा. काहींना बाळाखाली जुनंच हवं असतं, काहींना दुसऱ्याचं वापरलेलं चालत नाही. घरी गेल्यावर कळलं तर भांडण.

आणि तीनशेच्या आतलं काहीतरी हवंच. लोकांना आवडलेलं असतं पण मोठं घ्यायचं नसतं, तेव्हा रिकाम्या हाताने जायला संकोच वाटतो.

धावदोरा | १४ सप्टेंबर, रात्री ९:४५

सगळ्यांचे मनापासून आभार. वाईला जाऊन आले. उरलेल्या तुकड्यांमधून गरम भांडी धरायच्या फडक्यांच्या जोड्या करायच्या ठरल्या. दीड तासात एक जोडी होते, महिन्याभरात चाळीस होतील म्हणाल्या. जुन्या लुगड्याचं चिठ्ठीवर लिहिणार.

किमतीवरून घरात दोन दिवस महाभारत झालं. शेवटी मोठी ४२००, बाळाची ६५०, अभ्रे ४५०, फडक्यांची जोडी १५०. मोठीचा आकडा चिठ्ठीवर लिहिताना हात थरथरला हे कबूल करते.

आत्या यायला तयार आहे, पण दोन अटी. तिला खुर्चीवर बसून शिवता येत नाही, खाली सतरंजी हवी. आणि रोज संध्याकाळी सातला तिची मालिका.

लोकरवेडी | १ ऑक्टोबर, रात्री १०:३०

धागा वर काढतेय. आयोजकांना आत्ताच विचारून घे: सतरंजीला जागा आहे का, रात्री हॉलला कुलूप लागतं का, शेजारी कोण आहे, आणि आत मोबाईलला रेंज आहे का. परवा रविवारी आमच्याकडे प्रदर्शन होतं, हॉल तळमजल्याच्या खाली. एकाही फोनवर पैसे जाईनात, लोक वस्तू हातात घेऊन जिना चढून वर जाऊन पैसे पाठवत होते, आणि काही वरूनच घरी गेले. त्यातून आठ वाजता भारत-पाकिस्तान फायनल सुरू झाली. शेवटचा तास आम्ही स्टॉलवाल्यांनीच एकमेकांकडून खरेदी केली.

धावदोरा | १६ ऑक्टोबर, रात्री ११:५०

वृत्तांत लिहायला उशीर झाला, पाय अजून दुखताहेत.

शुक्रवार कोरडा. दुपारपर्यंत फडक्यांच्या चार जोड्या आणि एक बाळाची. आमच्या समोरच सोलापुरी चादरींचा ढीग, तीनशेला एक. येणारा प्रत्येक जण आधी तिकडे बघायचा, मग आमची ४२०० ची चिठ्ठी वाचायचा, मग माझ्याकडे बघायचा. एक बाई मोठ्याने म्हणाल्या, 'ह्यात काय सोनं शिवलंय?' मी रडवेली झाले होते. आत्याने सतरंजीवरून मानसुद्धा वर न करता सांगितलं, 'नाही बाई, डोळे शिवलेत.' त्या बाईंनी फडक्यांच्या दोन जोड्या घेतल्या.

शनिवारी संध्याकाळपासून खरी गर्दी. आत्याभोवती घोळका. निम्म्या बायकांना विकत काहीच घ्यायचं नव्हतं, आपापल्या आज्यांच्या गोधड्यांबद्दल बोलायचं होतं. एकीने कोपऱ्यावरचा टाका चुकलाय म्हणून सुई मागून घेतली आणि दोन वीत शिवून दिलं. विक्री म्हणून याचा उपयोग शून्य, पण घोळका बघून लोक थांबतात. मालिका तीनही दिवस बुडली, आत्याच्या लक्षातही आलं नाही.

पहिली मोठी एका मुलीने घेतली, शिकायला जर्मनीला चाललीये. बॅगेच्या वजनात बसते का म्हणून गोधडी उचलून बघत होती. दुसरी रविवारी, बंद करायच्या वेळेला, एका काकांनी. ३५०० पासून सुरुवात केली. मी चितारआळी यांचं वाक्य मनात म्हणत राहिले. पंधरा मिनिटं घासाघीस करून ४२०० दिले आणि वर सांगितलं, 'असंच ठाम राहायचं.'

हिशेबनीस विचारणारच, म्हणून आकडे. उरलेल्या पंधराही बाळाच्या गेल्या (रंग जाणाऱ्या तीन मी नेल्याच नव्हत्या), मोठ्या दोन, फडक्यांच्या चाळीसपैकी एकतीस जोड्या, अभ्र्यांच्या तीन. एकूण २४,१५०. भाडं ७,५००, टेम्पो-रिक्षा ९००, खाणं-चहा ६४०, चिठ्ठ्या-पिशव्या-रिबीन १,१५०. विकलेल्या मालाचं साहित्य ४,४४५. हातात राहिले ९,५१५.

बॅनर केला नाही, कोणी विचारलाही नाही. घरून नेलेल्या दिव्याचा फार उपयोग झाला. पिशव्या कमी पडल्या. सुट्टे मात्र तसेच परत आणले, सकाळची काकू आलीच नाही.

हिशेबनीस | १७ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

पहिल्या खेपेला उत्तम! विकलेल्या मालाचे तास अंदाजे ४७० होतात. तासाला वीस रुपये. तुमचे तीन दिवस अजूनही फुकट धरलेत.

तिरसट_काका | १७ ऑक्टोबर, सकाळी ९:००

४२०० ला दोन गेल्या? शब्द मागे घेतो. माळ्यावरच्या चार आता देत नाही.

धावदोरा | १९ ऑक्टोबर, रात्री १०:२०

काल वाईला जाऊन पैसे वाटले. आत्या म्हणाली, 'तास कशाला मोजतेस, दुपार तशीही जातेच.' पण शेजारच्या दोघींपैकी धाकटीने वीस रुपयांचा आकडा ऐकला आणि गप्प झाली. नंतर मला फाटकापर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, 'ताई, स्ट्रॉबेरीच्या तोडणीला मला दिवसाचे तीनशे मिळतात. मोठी गोधडी मी आता घेणार नाही, फडकी आणि बाळाचंच द्या.' तिचं चुकलं असं मला म्हणता येईना. मोठ्या सात अजून घरात आहेत, आणि नवीन शिवायला आता आत्या आणि शेजारची थोरली अशा दोघीच उरतील. एका बाईंचा फोन आलाय, त्यांना मोठीच हवी आहे, फेब्रुवारीपर्यंत थांबायला तयार आहेत.

दरम्यान त्याच आयोजकांचा मेसेज आलाय. संक्रांतीच्या आधी पुन्हा प्रदर्शन आहे, या वेळी चार दिवसांचं. कोपऱ्यावरचा स्टॉल देतो म्हणताहेत, पण उद्या संध्याकाळपर्यंत पैसे भरायचेत. घेऊ का?

हिशेबनीस | १९ ऑक्टोबर, रात्री १०:२४

भाडं किती?